‘मला येते’ नको, ‘मी केले’ लिहा!

विद्यार्थी मित्रांनो, लंबकाच्या प्रयोगानंतर वहीत ‘प्रयोग उत्तम झाला’ एवढेच लिहिले, तर गुण मिळतील का? मुळीच नाही! शिक्षक निरीक्षणे आणि मोजमापे पाहतात. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या नोकरीसाठी बायोडाटा लिहितानाही हाच नियम पाळावा.

‘मला पायथन येते’ असे तर सगळेच लिहितात. त्याऐवजी असे लिहा : ‘ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक शोधणारी आज्ञावली लिहिली. ओळीने शोधताना १००० नावे तपासावी लागू शकत. आता जास्तीत जास्त १० पुरतात.’

हे कसे साधते? नावे अकारविल्हे लावायची. मधले नाव पाहून निम्मी यादी बाद करायची. १०००, ५००, २५०, १२५, ६२, ३१, १५, ७, ३, १. मोजा पाहू, दहाच पायऱ्या! या पद्धतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात.

मुलाखतीत हमखास विचारतील, ‘दहाच का?’ ज्याने काम स्वतः केले, तो कागदावर लगेच मांडून दाखवील. उसने वाक्य मात्र तिथेच उघडे पडेल. म्हणून जे केले, मोजले आणि समजावून सांगता येते, तेवढेच लिहा. त्याला एक पान पुरे. मात्र त्या पानासाठी लागणाऱ्या नोंदी आजपासूनच ठेवायला हव्यात!