गिधाडांचें ऋण

आमच्या मंडळाच्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव कृषि महाविद्यालयांत शिकत आहेत. दिवाळीच्या सुटींत ते गांवीं आले असतां सृष्टीचा आनंद व तिचें रक्षण या विषयावर स्वतः लिहिलेला एक निबंध त्यांनीं आम्हांस वाचावयास दिला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, मनुष्य ज्या गोष्टींत रमतो तिचेंच रक्षण तो मनापासून करितो. मुलांस लहानपणीं रानांत न्यावें, श्रावणांतील धबधबे, माळावरचीं फुलें, नाचणारा मोर त्यांस दाखवावा. एकदां आवड जडली म्हणजे रक्षणाचा निराळा उपदेश करावा लागत नाहीं.

विचार चांगला आहे, आणि तो एका शेतकऱ्याच्या मुलास सुचावा याचा आम्हांस संतोष वाटला. तथापि त्यांत एक उणीव राहिली आहे. जें डोळ्यांस गोड दिसतें त्याचा कैवार घेणारे पुष्कळ मिळतात. परंतु सृष्टीचा व्यवहार केवळ सुंदर प्राण्यांवर चालत नाहीं. ज्यास पाहून आपण नाक मुरडतों, ज्याचें नांव अपशब्द म्हणून वापरतों, असा एखादा प्राणी आपला उपकारकर्ता असेल तर त्याची वाट काय? आम्हीं त्या विद्यार्थ्यास हा प्रश्न विचारून गिधाडाचें उदाहरण दिलें. त्यावर ते म्हणाले, "काका, गिधाड मीं पुस्तकांतच पाहिलें आहे."

हें उत्तर आमच्या मनास लागून राहिलें. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस आठवत असेल कीं, गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकलें म्हणजे आकाशांत घिरट्या दिसूं लागत आणि थोड्याच वेळांत गिधाडांचा थवा उतरे. मोठा थवा असला तर बैलाएवढ्या जनावराचीं तासाभरांत केवळ हाडें उरत. गिधाडाच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, सडक्या मांसांतील पुष्कळसे रोगजंतू त्यांत नाश पावतात. मजुरी नाहीं, खर्च नाहीं, दुर्गंधी नाहीं. गांवाच्या आरोग्याचें हें काम तीं पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट करीत होतीं. रामायणांतील जटायूस आपण वंदन करितों; त्याच्या वंशजांचे उपकार मात्र आपल्या ध्यानांत राहिले नाहींत.

हीं गिधाडें गेलीं कोठें? भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत डॉ. विभू प्रकाश यांस १९९० नंतरच्या दशकांत प्रथम असें आढळलें कीं, माना खालीं टाकून बसलेलीं गिधाडें पुढें मरून पडत आहेत. मग देशभर गणती झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनीं घटली. म्हणजे हजारांत एक उरलें. लांब चोचीच्या गिधाडांचीहि सुमारें ९७ टक्के हानि झाली.

प्रारंभीं कोणी साथीचा रोग म्हटलें, कोणी पिकांवरील औषधांस दोष दिला. खरें कारण पाकिस्तानांत झालेल्या संशोधनांतून २००४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें आपल्या गोठ्यांतलेंच निघालें. गाईबैलांस ताप, सूज किंवा लंगडणें असलें म्हणजे डायक्लोफिनॅक नांवाचें वेदनाशामक टोचण्याचा प्रघात पडला होता. औषध स्वस्त, गुण तत्काळ. परंतु तें टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावलें तर औषधाचा अंश त्याच्या मांसांत शिल्लक राहतो. तें मांस खाल्लेल्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात, शरीरांतील युरिक आम्ल बाहेर न पडतां आंतड्या-काळजावर खडूच्या भुकटीसारखें सांचतें, आणि कांहीं दिवसांतच पक्षी मरतो.

येथें वाचकांस अशी शंका येईल कीं, औषध टोचलेलीं अशीं कितीशीं जनावरें उघड्यावर पडत असतील? शंका योग्य आहे. पण हिशेब पाहावा. गिधाडें थव्यानें जेवतात, म्हणून एका जनावरापायीं अनेक पक्षी मरतात. उलट, गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते आणि पिल्लू विणीस येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. संशोधकांनीं गणित करून असें दाखविलें आहे कीं, शंभर मृत जनावरांत एकाहूनहि कमी जनावर विषारी असलें तरी हा संहार होण्यास तें पुरेसें आहे. खर्च मोठा आणि आवक तुटपुंजी असली म्हणजे भरलेलें कोठारहि रिकामें होतें, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

गिधाडें गेल्यानें काय झालें? मेलेलीं ढोरें कुजत पडूं लागलीं, पाणवठे दूषित झाले, मोकाट कुत्रीं वाढलीं व त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचें भय वाढलें. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा अंदाज केला आहे कीं, गिधाडांच्या अभावामुळें २००० ते २००५ या काळांत भारतांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक दगावलीं. मुंबईच्या पारशी समाजाच्या पुरातन अंत्यविधीसहि यामुळें अडचण उत्पन्न झाली.

सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं डायक्लोफिनॅक तयार करण्यास बंदी केली. तेव्हां माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत येऊं लागल्या. म्हणून २०१५ सालीं कुपीचें माप ३ मिलिलिटरवर आणण्यांत आलें. पुढें केटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांचा जनावरांसाठीं वापर २०२३ सालीं, आणि निमेसुलाइडचा २०२४ च्या अखेरीस बंद करण्यांत आला. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांची पैदास करण्यांत येते. कायदा झाला, केंद्रें निघालीं. तरी आमच्या मतें याची खरी किल्ली शेतकऱ्याच्याच हातीं आहे. तिचा उपयोग असा करावा:

पहिली गोष्ट, जनावर आजारी पडल्यास पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक आम्ल हीं औषधें मागावीं. गिधाडांस यांपासून अपाय होत नाहीं असें प्रयोगांनीं ठरलें आहे. दुकानदार बंद झालेलें औषध देऊं लागला तर तें घेऊं नये.

दुसरी गोष्ट, वेदनाशामक टोचल्यावर जनावर दगावलें, आणि तें औषध वरील दोहोंपैकीं होतें अशी खात्री नसली, तर तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें. फाशी रोगानें मेलेलें जनावर तर मुळींच फाडूं नये. चुना घालून खोल खड्ड्यांत पुरावें.

तिसरी गोष्ट, कुत्रीं किंवा बिबट्या मारण्यासाठीं मेलेल्या ढोरांत विष कालवूं नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या विषानें अख्खा थवा मरतो.

चौथी गोष्ट, बांधावरील व ओढ्याकांठचीं उंच जुनीं झाडें राखावीं. पांढऱ्या पाठीचें गिधाड उंच झाडावर घरटें करितें, लांब चोचीचें कड्याच्या कपारींत. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आणि रायगड जिल्ह्यांत म्हसळें तालुक्यांतील चिरगांवच्या परिसरांत या पक्ष्यांची वस्ती टिकली आहे. चिरगांवाकडे गांवकऱ्यांच्या साह्यानें त्यांस निर्धोक खाद्य पुरविण्याचा प्रयत्न झाला, हें इतर गांवांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या निबंधाकडे वळूं. आवडीतून रक्षण होतें हें त्यांचें म्हणणें आम्ही खोडून काढीत नाहीं. त्यास एवढीच जोड देतों कीं, आवड ही जाणण्यानेंहि उत्पन्न होते. बैल राबतो हें ठाऊक असल्यामुळेंच पोळ्यास आपण त्याची पूजा करितों. त्याचें रूप पाहून नव्हे. गिधाडाचें काम ज्यास कळलें त्यास तें बोडक्या मानेचें पांखरूं कुरूप दिसणार नाहीं. सुटी संपवून परत जातांना त्या तरुणानें निबंध आमच्याकडून मागून नेला. त्यांत एक प्रकरण वाढवावयाचें आहे असें तो म्हणाला. तें प्रकरण लिहिण्याचें काम त्याचें. परंतु त्यांतील पक्षी त्याच्या मुलांस आकाशांत दिसावा, हें काम आपलें आहे.