वार्धक्य, स्मृती आणि सोबत

वार्धक्यात स्मृती मंदावली की ‘वयच झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतात ५५ ते ७७ वर्षे वयाच्या सहा हजारांहून अधिक लोकांना घेऊन तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्यांना व्यायाम, आहार, बुद्धीचा सराव व मनःस्वास्थ्य यांचे धडे इंटरनेटवरून घरबसल्या मिळाले, तर इतरांना केवळ सर्वसाधारण माहिती. धडे गिरवणाऱ्यांची बुद्धी अधिक सतेज राहिली, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रयोगाचा निष्कर्ष आला: स्वतःच्या बळावर पथ्य पाळणारे सुधारले, मात्र गटात भेटून मार्गदर्शन घेणारे त्यांहून किंचित अधिक सुधारले.

तेव्हा अशा योजना सुधारावयाच्या कशा? अक्षरे मोठी हवीत, आवाज सुस्पष्ट हवा, भाषा मायबोली हवी. बेळगावच्या आजीबाईंच्या हाती इंग्रजी धड्यांचा मोबाईल देऊन काय साधणार? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, शेजारी कोणी तरी बसावयास हवे.

प्रिय वाचकहो, रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास नातवंडांनी आजी-आजोबांना द्यावा, अशी आमची विनंती आहे. यंत्र धडा देईल. धीर माणसानेच द्यावयाचा. मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा केवळ भाकरी वाढून पाळली जात नाही.