विश्लेषण : ‘ॲप्ट’ की ‘डीएनएफ’? लिनक्सवाल्यांचे भांडण नेमके कशावरून?

विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. झरी जामणीत एखाद्या विद्यार्थ्याकडे जुना लॅपटॉप असेल आणि त्यावर विंडोज ११ चालत नसेल, तर ‘लिनक्स टाक’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. पण ‘कोणते लिनक्स?’ एवढे विचारायचा अवकाश, डेबियनवाला आणि फेडोरावाला तासभर भांडतात आणि लॅपटॉप तसाच राहतो.

भांडण कशावरून?

मुद्दा असतो पॅकेज मॅनेजरचा. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर सहसा इकडून तिकडून उतरवत नाहीत. पॅकेज मॅनेजर ते अधिकृत साठ्यातून आणतो, त्याला लागणारे इतर घटकही बसवतो आणि सगळे अपडेट ठेवतो. थोडक्यात प्ले स्टोअर, फक्त त्याच्या आधीचे. डेबियनचे ‘ॲप्ट’ १९९८चे. फेडोरात २०१५ मध्ये ‘यम’ जाऊन ‘डीएनएफ’ आले. आर्चचे ‘पॅकमॅन’ वेगळेच. काम साधारण सारखेच, अभिमान मात्र वेगवेगळे.

या मंडळींची थट्टाही मजेशीर असते. ‘ॲप्ट-गेट मू’ ही कमांड दिली की पडद्यावर अक्षरांची गाय उमटते आणि ‘आज हंबरलात का?’ असे विचारते. पॅकमॅनच्या सेटिंगमध्ये ‘आय लव्ह कँडी’ लिहिले की डाउनलोडची पट्टी गोळ्या खात पुढे सरकते. आर्च वापरणारा न विचारता ते सांगतो, हा विनोद तर आता आर्चवालेच करतात.

पुण्याने दोन्ही घराणी पाहिली आहेत. २०१० मध्ये तिथे डेबियनची ‘मिनी डेबकॉन्फ’ झाली, तर नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत फेडोराची ‘फडकॉन’.

मग खरा फरक कुठे?

‘स्नॅप’वरून होणारा वाद मात्र नुसता गमतीचा नाही. उबुंटूवर ‘ॲप्ट’कडे क्रोमियम ब्राउझर मागितला तरी तो ‘स्नॅप’ स्वरूपात येतो. मागितले एक, आले दुसरे, अशी तक्रार झाली. लिनक्स मिंटने २०२० मध्ये ‘स्नॅप’ला परस्पर शिरायला मज्जाव केला. ‘स्नॅप’ आणि ‘फ्लॅटपॅक’ लागणारे बरेच घटक स्वतःसोबत आणतात. त्यामुळे वेगवेगळ्या लिनक्सवर एकच पॅकेज चालते, पण पहिले डाउनलोड मोठे होते. घरी वायफाय असेल तर ते जाणवतही नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा त्यातच संपू शकतो.

इथे ‘ॲप्ट-गेट’ची जुनी सवय कामी येते. उतरवलेल्या पॅकेज फाइली ते सहसा ‘व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’ या फोल्डरमध्ये ठेवते. (नुसती ‘ॲप्ट’ कमांड मात्र काम झाले की त्या पुसते.) त्या पेनड्राइव्हवर घेऊन त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या लॅपटॉपवर बसवता येतात. मित्रांचे तीन लॅपटॉप असतील, तर डेटा एकदाच जातो.

फेडोरावाला यावर म्हणेल, ‘आमच्याकडे कीपकॅश सुरू केले की हेच होते.’ ते खरेही आहे. आणि तिथून भांडण पुन्हा सुरू.