सरकारदरबारीं अर्ज आणि घरची सही

नोकरींतून निवृत्त झालेल्या शिक्षकाकडे खेडेगांवांत दोन कामें न सांगतां चालून येतात. एक, लग्नपत्रिकेचा मसुदा तपासून देणें; आणि दुसरें, सरकारी कचेरींत द्यावयाचा अर्ज लिहून देणें. पहिलें काम हंगामी असतें, दुसरें बारमाही. ओटीवर सायंकाळीं दोघे-तिघे गृहस्थ येऊन बसतात, पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात, आणि उठतां उठतां एकजण म्हणतो, "गुरुजी, तेवढा एक अर्ज लिवून द्या." गेल्या कांहीं वर्षांत असे अर्ज मीं किती लिहिले ह्याची गणती ठेवलेली नाहीं. त्यांपैकीं कित्येक फळास आले, कांहीं वाटेंतच विरले, आणि एका अर्जाचा पैसा तर मंजूर होऊनहि हातचा गेला. हा शेवटचा प्रकार कोणत्याहि कचेरीच्या दिरंगाईनें घडला नाहीं. तो आमच्याच घरानें घडविला. म्हणूनच हा लेख लिहावयास बसलों आहें.

घाटावरील वाचकांसाठीं आधीं दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. वैशाखांत ज्या कोरड्या पऱ्यांतून मुलें उड्या मारीत शाळेस जातात, तोच पऱ्या आषाढांत कमरेइतका चढतो व माणसास उभें राहूं देत नाहीं. त्यावर टाकलेला लहानसा पूल तो साकव. पूर्वीं तो माडापोफळीच्या खोडांचा असे, आणि दर वर्षीं पाऊस लागण्यापूर्वीं वाडीची मंडळी तो नव्यानें घालीत. आतां तो काँक्रीटचा व लोखंडी कठड्याचा हवा असतो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. चढउताराच्या वाटेस जांभ्या दगडाच्या पायऱ्या बसवून केलेला रस्ता ती पाखाडी. ज्या मुलुखांत एवढा पाऊस, त्याच मुलुखांत उन्हाळ्याच्या अखेरीस कित्येक वाड्यांना टँकरचें पाणी प्यावें लागतें, कारण जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाहीं. तेव्हां साकव, पाखाडी आणि विहीर हीं आमच्या अर्जांचीं तीन ठरलेलीं दैवतें होत.

हे अर्ज कोणाकडे करावयाचे ह्याचा इतिहास मोठा आहे. तो येथें थोडक्यांत सांगतों. लॉर्ड रिपन ह्यांच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डें आलीं. महाराष्ट्रांत १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ सालीं ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतीस घटनेंतच स्थान मिळालें. त्याच वर्षीं खासदारांचा स्थानिक विकास निधि निघाला. तो प्रारंभीं दर खासदारामागें पांच लाखांचा होता, आणि २०११-१२ पासून वर्षास पांच कोटींचा झाला. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ ह्या काळासाठीं ग्रामपंचायतींस दिलेल्या अनुदानांतील शेंकडा साठ भाग पाणी व स्वच्छता ह्यांसाठींच राखून ठेवला होता. "सरकार आमच्याकडे बघत नाहीं" हें वाक्य पुष्कळ ओट्यांवर ऐकूं येतें. माझ्या मतें तें आतां पुरतें निम्मेंच खरें आहे. पैसा गांवाच्या वेशीपर्यंत येतो. वेशीच्या आंत मात्र त्याची वाट अडते.

आमचे पूर्वज केवळ सरकारच्या तोंडाकडे पाहून बसत नसत, हेंहि सांगितलें पाहिजे. दापोली तालुक्यांतील मुरूड हें महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचें गांव. त्यांनीं तरुणपणींच "मुरूड फंड" काढला. गांव सोडून बाहेर नोकरीधंदा करणाऱ्या मुरूडकरांनीं आपल्या मिळकतीचा थोडा हिस्सा गांवच्या हितासाठीं द्यावा, ही त्यामागची कल्पना. पुढें १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ स्थापिलें आणि त्यासाठीं लोकांकडून वर्गणी गोळा केली. परगांवीं गेलेल्या माणसावर गांवाचा हक्क राहतो, ही गोष्ट त्यांनीं ओळखली होती. आज गांवास परगांवच्या माणसाकडून पैशापेक्षां निराळीच वस्तु हवी आहे. तिच्याकडे पुढें येतों.

प्रथम अर्जाविषयीं. माझा पहिला अर्ज मोठा अलंकारिक होता. मायबाप सरकार, कृपादृष्टि, चातकाप्रमाणें प्रतीक्षा, सारें कांहीं त्यांत होतें. पाहणीस आलेल्या शाखा अभियंत्यानें तो आदरानें वाचला, घडी केली आणि विचारलें, "गुरुजी, पऱ्याची रुंदी किती?" तें मीं लिहिलेंच नव्हतें. तेव्हांपासून माझे अर्ज आंखूड झाले. पलीकडे किती घरें, शाळेंत जाणारीं मुलें किती, जवळचा रस्ता किती अंतरावर, वाट कोणकोणत्या गट क्रमांकांतून जाते, पऱ्याची रुंदी व पुराची खूण, ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक व तारीख, जागेचे सातबारा उतारे आणि मालकांचीं संमतिपत्रें. एवढें असलें म्हणजे दुसऱ्या शब्दांची गरज पडत नाहीं. ठराव नसला तर अर्ज म्हणजे एका माणसाचें पत्र होय. ठराव असला म्हणजे तें गांवाचें वचन होतें. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवसांच्या सुमारास भरतात. तेथें सुशिक्षित घरांतील माणसें क्वचितच दिसतात, हें मला खेदानें लिहावें लागतें.

अर्जाची पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून उठूं नये. महाराष्ट्रांत २००५ च्या कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, कोणत्याहि कर्मचाऱ्यानें आपल्याकडील कागद सामान्यतः कामाच्या सात दिवसांहून अधिक अडवून ठेवूं नये. त्याच वर्षीं आलेल्या माहितीच्या अधिकारानें दहा रुपये भरून आपला कागद कोठें आहे तें विचारतां येतें, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. हीं साधनें भांडणासाठीं नव्हेत. मीं तीं दोनदांच वापरलीं, आणि दोन्ही वेळां उत्तर वाचून चूक आमच्याकडेच असल्याचें कळलें. एकदां वारसनोंद झालेली नव्हती, आणि एकदां सही नव्हती.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर पऱ्या आहे आणि पलीकडे वीसबावीस घरांची वाडी. ह्या वाडीसाठीं साकवाचा अर्ज मींच लिहिला. अंदाजपत्रक झालें, तांत्रिक मान्यता झाली, प्रशासकीय मान्यताहि आली. साकवाचें अलीकडचें टोंक व तेथून रस्त्यापर्यंतची वाट आमच्या सामायिक जमिनींतून जावयाची होती; सारी मिळून दोन गुंठेहि नव्हती. परंतु सातबाऱ्यावर एकोणीस नांवें. त्यांतले सहाजण कैलासवासी होऊन कैक वर्षें झालीं, तरी उताऱ्यावर जिवंत होते. उरलेल्यांत गांवीं राहणारे आम्ही तिघे. बाकी मंडळी मुंबई, ठाणें, पुणें येथें विखुरलेली. बहुतेकांनीं कुरकुर न करतां सह्या पाठविल्या. ठाण्याचे माझे चुलतबंधु नाना मात्र अडून बसले. "अरे, आज वाट दिलीस, उद्यां गाडी येईल, परवां जमीन जाईल," असें त्यांचें म्हणणें. संमतिपत्रानें वाट मिळते, मालकी जात नाहीं. मालकी जाते ती विहीर, टाकी किंवा इमारत ह्यांसाठीं करून दिलेल्या बक्षीसपत्रानें. हा भेद मला ठाऊक होता, आणि तो मीं त्यांस एकदां सांगितलाहि. पण दुसऱ्यांदा सांगितला नाहीं. त्याच वेळीं घरांत वाटणीचें बोलणें निघालें होतें, आणि साकवावरून तेढ वाढूं नये असें मला वाटलें. वाडीचीं माणसें विचारावयास आलीं कीं मी म्हणें, "येतेच आहे हो ठाण्याची सही." असें मी दोन वर्षें म्हणत राहिलों. वर्षअखेर आली, मार्च संपला, आणि तो पैसा दुसऱ्या गांवच्या कामाकडे वळला.

त्याच पावसाळ्यांत, श्रावणांतल्या एका रात्रीं, पलीकडच्या वाडींतील एक लेंकुरवाळी सून दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळीं अडली. पऱ्या भरून चालला होता. चार गड्यांनीं खुर्चीस बांबू बांधून तिला वरच्या अंगानें, डोंगराच्या कडेकडेनें, दीड मैलाच्या वळशानें रस्त्यावर आणली. मी कंदील घेऊन रस्त्यावर उभा होतों. देवाच्या दयेनें बाई व मूल दोन्ही वांचलीं. त्या चौघांपैकीं कोणीहि मला एक शब्द बोलला नाहीं. परंतु त्या वर्षीं दिवाळीपर्यंत माझ्या ओटीवर अर्ज लिहून मागावयास कोणी आलें नाहीं.

नानांना मीं त्या रात्रीची हकीकत पत्रानें कळविली. उत्तर आलें नाहीं; पुढच्या भाद्रपदांत ते स्वतःच गणपतीस आले. ऋषिपंचमीच्या दिवशीं जेवणें झाल्यावर मीं कागद बैठकींत ठेवला. पुन्हां तेंच सुरू झालें. माजघराच्या दारांत आमची काकू बसली होती. वय ब्याऐंशीं, कोणाच्या व्यवहारांत ती कधीं बोलत नसे. ती म्हणाली, "नाना, तूं येतोस पांच दिवस. वाट आम्ही बारा महिने तुडवतों." नाना कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजेपूर्वीं त्यांनीं सही केली आणि वारसनोंदीचे कागदहि आपणच मागून घेतले. पुन्हां अर्ज, पुन्हां मोजणी, पुन्हां मान्यता. त्यांत आणखी दोन वर्षें गेलीं. आतां साकव उभा आहे.

संस्कृतांत "योगक्षेम" असा एक नेमका शब्द आहे. न मिळालेलें मिळविणें तो योग, आणि मिळालेलें राखणें तो क्षेम. आमचे अर्ज बहुतेक सारे योगाचे. क्षेमाचा अर्ज लिहून घेण्यास माझ्याकडे फारसें कोणी येत नाहीं. आणि जे कोणी करतात त्यांची दाद वेळेवर लागतेच असेंहि नाहीं. चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरणास गळती आहे अशा तक्रारी गांवकऱ्यांनीं केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्रीं तें धरण फुटलें, भेंदवाडींतील घरें वाहून गेलीं आणि वीसांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. एवढ्या मोठ्या कामाचा क्षेम गांवाच्या हातीं नसतो. तो ज्यांच्या हातीं असतो त्यांस वारंवार, लेखी व तारखेनिशीं जाणीव देत राहणें एवढेंच गांव करूं शकतें. लहान कामांची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्यें सुरू झालेल्या जलजीवन योजनेंत गांवांतील कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा, व डोंगराळ भागांत विसावा, लोकवर्गणीनें द्यावयाचा असा नियम केला गेला. त्यावर पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. मला तो नियम योग्य वाटतो. ज्या नळास आपला पैसा लागला आहे, त्याची गळकी तोटी माणूस लवकर बघतो. आमच्या साकवाच्या मोऱ्यांत दर ज्येष्ठांत पालापाचोळा व फांद्या अडकतात. त्या काढण्यास दोन्ही तीरांवरचीं माणसें एका सकाळीं उतरतात. नाना असले तर तेहि कांठावर उभे राहून सूचना करतात.

हें मासिक ज्या घरांत जातें त्यांपैकीं कित्येकांचीं मूळ घरें कोंकणांत असतील, आणि तेथील सातबाऱ्यावर त्यांचीं किंवा त्यांच्या आजोबांचीं नांवें असतील. १९४९ च्या कायद्यानें खोती संपली. तरी खोतांच्या घरांतील माणसांच्या सहीशिवाय आजहि कित्येक वाड्यांची वाट पुढें सरकत नाहीं. ती सही मागणारें पत्र गांवाहून येतें तेव्हां तें "नंतर पाहूं" म्हणून टेबलाच्या खणांत जातें. गणपतीस घरीं गेलांत म्हणजे एकदां उतारा काढून पाहावा; गेलेल्यांचीं नांवें कमी करून वारसांचीं लावावीं; आणि गांवानें कागद पुढें केला तर तो नीट वाचावा, हवी ती अट त्यांत घालावी, पण निकालांत काढावा. नकारहि स्वच्छ लिहून दिला तर गांव दुसरी वाट शोधूं शकतें.

आमच्याकडे सध्यां दुसरा अर्ज तयार होत आहे. साकवापासून शाळेपर्यंत पाखाडी हवी आहे. ती तीन कुटुंबांच्या जागेंतून जाते. यंदां सत्तावीसपैकीं तेवीस सह्या झाल्या. उरलेल्या चारांपैकीं तिघे मुंबईस आहेत व त्यांनीं होकार दिला आहे. चौथी सही न्यू जर्सींत आहे. तेथील पुतण्यानें भारतीय वकिलातींतून कुलमुखत्यारपत्र करून पाठवितों असें कळविलें आहे. तें आलें कीं ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज रवाना करावयाचा. पाखाडीची लांबी एकशें चाळीस फूट भरते. टेपचें एक टोंक नानांनीं धरलें होतें.