अर्जदार माणूस की यंत्र?

अशी कल्पना करा : मध्यरात्री शस्त्रक्रियागृहातून ओ निगेटिव्ह रक्ताची मागणी येते. संस्थेच्या संकेतस्थळावर रक्तदात्यांची सूची आहे. कार्यवाह दूरध्वनी करू लागतात, तो पहिले दोन क्रमांक अस्तित्वातच नाहीत आणि तिसऱ्या नावापुढे कसलीशी जाहिरात आहे. ही नावे कोणा माणसाने भरलेली नसतात. नोंदणीचे अर्ज हुडकत महाजालावर अहोरात्र फिरणाऱ्या स्वयंचलित आज्ञावलींनी, म्हणजे ‘बॉट्स’नी, ती भरलेली असतात. या उपद्रवाचे निदान आणि उपचार यांचा येथे थोडक्यात विचार करू.

यंत्र माणसासारखे वागू शकेल काय, हे पारखण्याची कसोटी अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये मांडली. तेथे परीक्षक माणूस होता. नोंदणी-अर्जात मात्र परीक्षक यंत्र असते आणि परीक्षा आपली होते! १९९७ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ या शोधयंत्राने वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट घातली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चाचण्यांना ‘कॅप्चा’ हे नाव दिले. २००७ मध्ये आलेल्या ‘रीकॅप्चा’ने तर जुन्या ग्रंथांतील न वाचता आलेले शब्द याच चाचणीतून लोकांकडून वाचवून घेतले.

परंतु जंतू औषधाला सरावावेत तशी यंत्रेही सरावली. अशी अवघड अक्षरे आपली प्रणाली ९९ टक्क्यांहून अधिक अचूकपणे वाचते, असे गूगलनेच २०१४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर भर आला तो अर्जदाराच्या वर्तनाचे निरीक्षण करून गुपचूप गुणांकन करण्यावर.

येथे वैद्यकातील दोन परिचित संज्ञा उपयोगी पडतात. बॉट पकडण्याची क्षमता ही चाचणीची संवेदनक्षमता. खऱ्या माणसाला न अडवण्याची क्षमता ही तिची विशिष्टता. समजा, शंभर खरे दाते आले आणि चाचणीची विशिष्टता ९५ टक्के आहे. तर पाच सज्जन दारातूनच परततील. परतणारे बहुधा वृद्ध, दृष्टी मंदावलेले किंवा केवळ मराठी वाचणारे असतील. आपल्यासारख्या परप्रांतात स्थिरावलेल्या समाजात ज्या आजींसाठी शिबिर भरवायचे, त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरांचे कोडे ठेवणे हा उपचार रोगापेक्षा जाचक होय.

म्हणून एकाच जहाल मात्रेपेक्षा सौम्य उपायांचे थर द्यावेत. पहिला, सापळा : अर्जात माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवावा. बॉट बहुधा तोही भरतो आणि सापडतो. मात्र अंध व्यक्तींचे वाचक-साधन तो रकाना वाचून दाखवू शकते; म्हणून त्यावर ‘हा रकाना रिकामा सोडा’ असे लिहावे. दुसरा, कालमापन : दहा रकान्यांचा अर्ज दोन सेकंदांत भरणारा माणूस विरळाच. तिसरा, मर्यादा : एकाच ठिकाणाहून तासाभरात किती अर्ज किंवा ओटीपी मागता येतील, हे ठरवून द्यावे, अन्यथा लघुसंदेशांचा खर्च संस्थेच्या माथी येतो. चौथा, पुष्टी : ईमेलवरील दुवा दाबल्यावर किंवा ओटीपी दिल्यावरच नाव सूचीत जावे. एवढ्याने भागले नाही तरच कॅप्चा लावावा, आणि त्याचा निकाल सर्व्हरवर तपासला जातो ना, हे तंत्रज्ञाला आवर्जून विचारावे. केवळ पडद्यावर दिसणारी चौकट म्हणजे कुलूप नसलेली कडी. शिवाय पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणारी माणसेही असतात, हे विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संशयित अर्ज परस्पर फेटाळू नयेत; ते वेगळे ठेवून कार्यवाहांनी नजरेखालून घालावेत आणि अर्जाखाली संपर्काचा एक दूरध्वनी क्रमांक द्यावा. रुग्णांची माहितीही आवश्यक तेवढीच मागावी. जी साठवलीच नाही, ती चोरीस जात नाही.

चाचणीचा अहवाल म्हणजे निदान नव्हे, हे आपण नवशिक्या डॉक्टरांना नेहमी सांगतो. संकेतस्थळाच्या दारावरही तेच सूत्र लागू आहे. सूची शुद्ध हवीच. पण तिच्या शुद्धतेपायी एकही खरा दाता माघारी जाऊ नये.