सहा बहिणींचं काय?

शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, अंजदीव बेटावरची अजादीपा, शीतळाई आणि म्हापशाची मिराबाई. उत्तर गोव्यात या सात बहिणींची नावं अशी ओळीनं घेतली जातात. खेतोबा हा त्यांचा भाऊ. गावागणिक कथा थोडी बदलते, पण एक तपशील पुन्हा पुन्हा कानावर येतो: मिराबाई बाटली आणि म्हापशाच्या इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, मिलाग्रिस सायबीण (मेरीमाता) झाली.

नकाशावर पाहिलं तर, अंजदीव सोडता, हे कुटुंब तीन तालुक्यांत पांगलेलं दिसतं. शिरगाव, मुळगाव, मये डिचोलीत, मोरजी पेडण्यात, शापोरा नदीच्या उत्तरेला, म्हापसा बार्देशात. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईची जत्रा भरते आणि हातात बेत, म्हणजे वेताच्या काठ्या, घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालत जातात. मिलाग्रिसचं फेस्त ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी. त्या दिवशी हिंदू भाविकही रांगेत उभे राहून सायबिणीला तेल वाहतात. लईराईकडून मिलाग्रिसला तेल जायचं आणि मिलाग्रिसकडून लईराईला मोगरीच्या कळ्या यायच्या, असा बहिणी-बहिणींचा रिवाज सांगितला जातो.

सोळाव्या शतकातल्या एखाद्या पाद्र्यानं ही कथा ऐकली असती, तर त्याच्या हिशेबानं सातांपैकी एकच तरली असती. मग उरलेल्या सहांचं काय? ख्रिस्ती धर्मशास्त्रातल्या एका अवघड प्रश्नाचं हे गोव्यातलं रूप आहे.

तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं 'चर्चबाहेर तारण नाही' हा विचार मांडला, तो चर्चमधून फुटून निघालेल्या ख्रिस्त्यांना उद्देशून. हिंदू, बौद्ध त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतेच. पुढे १४४२ साली फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेनं त्याची कक्षा कठोरपणे रुंदावली: मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी, फुटीर, सारेच मरणापूर्वी चर्चमध्ये न आल्यास नरकाग्नीचे धनी. ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये बाप्तिस्म्याबरोबर 'बाप्तिस्म्याची इच्छा' हे शब्द घातले आणि दार किंचित किलकिलं ठेवलं. पण तेव्हा गोव्यात पोर्तुगीज सत्तेला ३७ वर्षं झाली होती आणि तिसवाडीतली देवळं पाडली जात होती.

१५५९ साली पोर्तुगालच्या राजानं हिंदूंची अनाथ मुलं ताब्यात घेऊन बाप्तिस्म्यासाठी सेंट पॉल कॉलेजकडे सोपवण्याचा हुकूम काढला. आज तो क्रूर वाटतो, आणि होताच. पण हुकूम काढणाऱ्यांच्या लेखी आगीत पडू पाहणारं मूल ओढून काढण्याला चुलत्या-मामाची परवानगी लागत नाही. तारणाचा सिद्धान्त असा राज्यकर्त्याच्या हाती आला की त्याचा कायदा होतो. १५६७ च्या गोव्यातल्या प्रांतिक धर्मपरिषदेनं बळानं धर्मांतर करू नये असं ठरवलं, आणि त्याच परिषदेनं हिंदूंच्या धर्माचारांवर निर्बंधही मागितले. १५६० मध्ये आलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता: तरलेला माणूस मागं वळून पाहतो आहे का, यावर नजर ठेवणं हे तिचं काम. १७३६ च्या तिच्या फर्मानानं ख्रिस्त्यांच्या घरांतल्या जन्म, लग्न आणि मरणाच्या जुन्या चालीरीतींवर बोट ठेवलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही लोक वळून पाहतच होते.

वळून पाहणाऱ्याला बहुधा वाडवडील दिसतात. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आला आणि पुढं जपानला गेला. जानेवारी १५५२ मधल्या त्याच्या पत्रात तिथल्या नवख्रिस्त्यांचं दुःख नोंदलेलं आहे. आमच्या मेलेल्या आईबापांना नरकातून सोडवता येईल का, असं ते विचारत. येणार नाही, असं कळलं की रडत. आपल्यालाही ते पाहून दुःख होई, असं झेवियर लिहितो. उत्तर मात्र तो बदलू शकला नाही. ज्याच्या घरी काल-परवापर्यंत पितरांना पान वाढलं जात होतं, त्या गोमंतकीयाला हा प्रश्न परका वाटला नसता.

तारणाची ही गोष्ट मराठीत सांगायची कशी? इंग्लंडात जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याचं सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यानं स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला. विष्णूला नाकारायचं, पण त्याचं घर ठेवून घ्यायचं! गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत आजही नरकाला 'यमकोंड' म्हणतात. यम गेला, कोंड राहिलं. तारणाला त्याच बोलीत 'सोडवण' म्हणतात आणि ख्रिस्ताला 'सोडवणदार'. हिंदू घरात बाप्तिस्मा घेण्याला 'बाटणं' म्हणत. एकाच पाण्याचे थेंब, नदीच्या एका काठावर सोडवण, दुसऱ्या काठावर विटाळ.

नदी इथं नुसती उपमा नाही. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं गेलं, तेव्हा देव मांडवी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. काबिजादीची, म्हणजे पोर्तुगीजांनी जिंकलेल्या मुलखाची, सरहद्द हीच तारणाची सरहद्द होती. मग १७८१-८२ मध्ये डिचोली-सत्तरी आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा देव पुन्हा पळाले का? नाही. नव्या काबिजादींत देवळं आणि चालीरीती राखण्याची हमी दिली गेली. मधल्या काळात जेझुइटांना १७५९ साली पोर्तुगीज मुलखातून हाकललं गेलं होतं आणि राज्याला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून आलेली प्रजा शांत हवी होती. रोमनं शब्दही बदलला नव्हता, तरी पेडण्याच्या हिंदूचा आत्मा लिस्बनच्या चिंतेतून वगळला गेला. म्हणून आज पेडणे-डिचोलीत हिंदू बहुसंख्य आहेत आणि हरमल, मांद्र्यासारख्या गावांत चर्चही आहे.

धर्मपरिषदेच्या पातळीवर रोमचा शब्द बदलायला १९६४ साल उजाडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकानं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्या वर्षीच्या दस्तऐवजात हिंदू धर्माचा आदरानं नामनिर्देश आला. कुंपण मात्र राहिलं. तारण लाभलं तरी ते ख्रिस्ताच्याच कृपेनं, ही भूमिका २००० साली पुन्हा ठासून मांडली गेली. त्याआधी १९९८ मध्ये, गोमंतकीय आईबापांच्या पोटी मुंबईत जन्मलेल्या जेझुइट अँथनी डिमेलो यांच्या लेखनाबद्दल रोमनं सावधगिरीची सूचना काढली होती, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

आता गोव्यात या प्रश्नाला नवं वळण लागलं आहे. नव्या ख्रिस्ती पंथांत गेलेल्यांना इथं 'बिलिव्हर' म्हणतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या मते बालपणी डोक्यावर पडलेलं पाणी पुरेसं नाही. माणसानं स्वतः नव्यानं जन्मावं लागतं. सायबिणीच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावणारा कॅथलिकही त्यांच्या लेखी बाहेरचाच. जो प्रश्न चारशे वर्षं कॅथलिक पाद्री हिंदूला विचारत होता, तो आता कॅथलिकाच्याच दारात येऊन उभा आहे. सहांचं काय, हे विचारणाऱ्यांना आता सातवीचंही काय, हे ऐकावं लागतं.

सात बहिणींच्या कथेनं यावर काही सिद्धान्त मांडलेला नाही. मिराबाई बाटली हे ती लपवत नाही. त्या शब्दातला सल तसाच ठेवते. मिलाग्रिसला पुन्हा मिराबाई करण्याचा हट्टही धरत नाही. पण गावातल्या म्हाताऱ्या बोटांवर बहिणी मोजतात तेव्हा त्या सहावर थांबत नाहीत.