सुभेदार स्पितेक : व्होर्स्कलाच्या काठी (मध्ययुगीन पोलंड, भाग ५)

गेल्या आठवड्यात आपण फेब्रुवारी १३८६ पर्यंत आलो होतो. लिथुएनियाचा यागिएल्लो क्राकुवला आला, ख्रिस्ती झाला, यादविगा राणीशी त्याचं लग्न लागलं. राणी तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. तिला विचारतो कोण? ही सोयरीक जमवली क्राकुव भागातल्या मूठभर सरदार घराण्यांनी. त्यांतलंच एक मेल्श्टिनच्या स्पितेकचं.

आजोबा स्पित्सिमिर यांनी तार्नुव शहर वसवलं, दुनायेत्स नदीवर मेल्श्टिनचा किल्ला बांधला. आजोबा आणि वडील दोघंही क्राकुवचे किल्लेदार. तिथे किल्लेदाराचा मान सुभेदाराच्याही वरचा. स्पितेक ऐन तारुण्यात क्राकुवचा सुभेदार झाला आणि नव्या राजाच्या खास मर्जीतला सल्लागार. ही मर्जी केवढी, ते १३९५ मध्ये दिसलं. यागिएल्लोने त्याला पश्चिम पोडोलिया दिला, तोही राजपुत्राला शोभतील अशा अधिकारांसह. राजवंशाबाहेरच्या माणसाला असं दान क्वचितच मिळे. अर्थात, त्या दानात राजाचा स्वार्थही होताच : तातारांच्या तोंडावरचा तो मुलूख राखायला भरवशाचा माणूस हवा होता.

१३९९ मध्ये यागिएल्लोचा चुलतभाऊ व्हितौतस तातारांवर चालून निघाला. पदच्युत खान तोख्तामिश त्याच्या आश्रयाला होता आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायचं होतं. सैन्यात लिथुएनियन, पोलिश, ट्यूटॉनिक सरदार, शिवाय तोफा. स्पितेकही सोबत होता. आजच्या युक्रेनमधल्या व्होर्स्कला नदीवर तातारांच्या तैमूर कुतलुग खानाने बोलणी लांबवत वेळ काढला; तेवढ्यात तातार सेनापती एदिगू ताजी फौज घेऊन पोचला.

इतिहासकार द्वुगोश सांगतो, की शत्रूचं बळ पाहून स्पितेकने तह करण्याचा सल्ला दिला. त्यावर एका सरदाराने त्याला भित्रा ठरवलं. स्पितेकने सुनावलं, की आज मी लढून मरेन आणि तू पळून जाशील. द्वुगोशचा जन्म १४१५ चा, त्यामुळे हा संवाद जसाच्या तसा खरा मानायला मी तयार नाही. सल्ला मात्र शहाणपणाचाच होता. १२ ऑगस्टला तातारांनी सैन्याची दाणादाण उडवली. व्हितौतस निसटला, तोख्तामिशही पळाला. स्पितेक परतलाच नाही. त्याचा मृतदेहही मिळाला नाही. वय सुमारे पस्तीस.

यादविगा राणी त्याच्या आधी महिनाभरच वारली होती. यागिएल्लोने पोडोलिया परत घेऊन आपल्या भावाला, श्वित्रिगाइलाला देऊन टाकला. स्पितेकच्या मुलाचं नावही स्पितेकच. बापाने राजासाठी आयुष्य वेचलं. मुलगा १४३९ मध्ये दरबाराविरुद्ध बंड करून ग्रोत्निकीच्या लढाईत पडला. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.